झाड आपल्या आवारातलं, तरी परवानगी हवीच: या चुका टाळा

मे महिना आला की सोसायटीच्या बैठकीत विषय निघतोच. गुलमोहर कलंडलाय, पावसाआधी काढून टाकू. मग कोणीतरी म्हणतं, "झाड आपलं, जागा आपली, परवानगी कशाला?" घोळ इथेच सुरू होतो. महाराष्ट्रात शहरी हद्दीत झाडांच्या संरक्षणाचा 1975 चा कायदा लागू आहे. जमीन कोणाचीही असो, वृक्ष प्राधिकरणाच्या, म्हणजे झाडांबाबत निर्णय घेणाऱ्या पालिकेच्या समितीच्या, परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही.

दुसरी चूक जास्त वाईट. छाटणीच्या नावाखाली नुसता बुंधा उभा ठेवायचा, किंवा साल सोलून, मुळाशी ॲसिड ओतून झाड वठवायचं आणि मग 'धोकादायक' म्हणून अर्ज करायचा. कायद्यात 'तोडणे' या शब्दात जाळणं आणि कुठल्याही प्रकारे इजा करणंही येतं. उभं झाड असं मारलेलं पाहवत नाही.

अर्ज अडतात ते बहुधा साध्या गोष्टींवर. अर्जात झाडं तीन, पाहणीला आलेल्या माणसाला दिसतात पाच. घेर बुंध्याच्या तळाशी मोजलेला असतो. तो छातीच्या उंचीवर, जमिनीपासून साधारण साडेचार फुटांवर मोजायचा. 'पानांचा कचरा होतो' हे कारण टिकत नाही. भिंतीला तडा कुठे गेलाय, खोड कुठे पोकळ आहे, कल कोणत्या बाजूला आहे ते लिहा, प्रत्येक झाडाचा फोटो जोडा.

परवानगी मिळाली म्हणून दुसऱ्याच दिवशी करवत लावू नका. त्यानंतर 15 दिवस थांबावं लागतं. मुंबईत आरे कॉलनीत 4 ऑक्टोबर 2019 च्या रात्री मेट्रो कारशेडसाठी झाडं तोडली जाऊ लागली, तेव्हा हे 15 दिवस कधीपासून मोजायचे यावरूनही वाद पेटला होता.

फुटपाथवरचं झाड दुकानाची पाटी झाकतं म्हणून त्याला हात लावू नका. महापालिकेच्या उद्यान विभागाकडे अर्ज करा. गावाकडे 1964 चा वेगळा कायदा आहे. साग, आंबा, फणस, चिंच, मोह, जांभूळ अशी त्यातल्या यादीतली झाडं स्वतःच्या बांधावरची असली तरी परवानगी लागते.

आणि भरपाईची झाडं. 2021 च्या दुरुस्तीनुसार शहरात तोडलेल्या झाडाचं वय जितकं, तितकी नवी झाडं लावून सात वर्षं जगवायची आहेत. तीस वर्षांच्या गुलमोहरासाठी तीस खड्डे कुठे खणणार आणि उन्हाळ्यात पाणी कोण घालणार, हे त्याच बैठकीत ठरवा.