वेगाचं ई-चलान आलं: भरायचं, की वकील लावून लढायचं?

मोबाइलवर चलानाचा मेसेज आला की घरात लगेच दोन सल्ले मिळतात. एक म्हणतो, "भरून टाक, कोर्टाची पायरी कशाला चढायची?" दुसरा म्हणतो, "एक पैसा देऊ नकोस, लोकअदालतीत मिटतं." दोघांपैकी कुणीही चलान उघडून पाहिलेलं नसतं. तुम्ही मात्र आधी तेच करा.

मेसेजमधल्या लिंकवर बोट ठेवू नका, चलानाच्या नावाखाली फसवणारे मेसेज खूप फिरतात. महाट्रॅफिकच्या, म्हणजे राज्याच्या वाहतूक पोलिसांच्या, पोर्टलवर किंवा ॲपवर स्वतः जा, गाडीचा नंबर आणि चेसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाका. चलान उघडल्यावर फोटो मोठा करून नीट बघा. माझ्या मेहुण्याला द्रुतगती मार्गावरचं चलान आलं, तेव्हा गाडी सांगलीत दारात उभी होती. फोटोतला नंबर अक्षरन् अक्षर त्याचाच होता. पण त्याच्या गाडीच्या टपावर कॅरिअर आहे, फोटोतल्या गाडीला नव्हतं. मागच्या बंपरवरचा जुना पोचाही दिसत नव्हता. कुणीतरी त्याचा नंबर लावून फिरत होतं. त्याने गाडीचे चारही बाजूंचे फोटो काढले, फास्टॅगचा तपशील जोडला, बनावट नंबरप्लेटची तक्रार पोलिसांत दिली आणि पोर्टलवरच्या तक्रार विभागात सगळं चढवलं. चलान रद्द झालं. वकिलाची गरजच पडली नाही.

फोटो तुमच्याच गाडीचा असेल तर मजकूर वाचा. तारीख, वेळ, ठिकाण, यंत्राने मोजलेला वेग आणि कोणतं कलम मोडलं, हे सगळं असायला हवं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८३ प्रमाणे कुणा एकाच्या डोळ्यांच्या अंदाजावर वेगाची शिक्षा होत नाही, यांत्रिक किंवा इलेक्ट्रॉनिक उपकरणाची मोजणी लागते. २०२१ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत १६७अ हा नियम आला. त्यानुसार कॅमेऱ्याला राज्याने नेमलेल्या यंत्रणेचं मंजुरी प्रमाणपत्र लागतं, दरवर्षी त्याचं नूतनीकरण लागतं, आणि कॅमेऱ्याची नजर असलेल्या रस्त्यावर तसा फलक ठळक दिसेल असा लावावा लागतो. लढायचं तर मुद्दे इथे सापडतात. "सगळेच त्या वेगाने जात होते" हा मुद्दा नाही. "पुढे कॅमेरा दिसला तेव्हा मी ब्रेक मारला होता" हाही नाही, कारण काही ठिकाणी दोन कॅमेऱ्यांमधला सरासरी वेग धरला जातो.

वेगमर्यादाही तपासा. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मोटारींना ताशी १०० किलोमीटरची मुभा आहे, पण घाटात ती ६० वर येते. अनेकांची पावती नेमकी तिथे फाटते, आणि तशा वेळी तक्रारीला काही अर्थ उरत नाही.

आता पैशाचा हिशोब. कलम १८३ मध्ये हलक्या वाहनाला १००० ते २००० रुपये दंड आहे, मध्यम आणि अवजड वाहनांना २००० ते ४०००. वकिलाची फी सहज याच्या वर जाते. शिवाय खटला गुन्हा घडला तिथल्या न्यायालयात चालतो. नागपूरच्या माणसाला खालापूरच्या हद्दीतल्या चलानासाठी रायगड जिल्ह्यात तारखांना जावं लागलं, तर प्रवास आणि बुडालेला रोजच त्याला भारी पडेल. म्हणून स्वतःची खासगी गाडी, पहिलंच चलान, फोटो स्पष्ट आणि वेगही खरा असेल, तर माझं मत सरळ आहे: दंड भरा. चूक झाली असेल तर ती मान्य करण्यात कमीपणा नाही, घाटात त्या वेगाने माणसं मरतात.

पण दंड भरला म्हणजे प्रकरण संपलं, असं नाही. हे फार थोड्यांना ठाऊक असतं. कलम २०० मधल्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार असा दंड भरून तडजोडीने मिटवलेला गुन्हासुद्धा पुढच्या वेळी "आधीचा गुन्हा" म्हणून मोजला जातो. आणि वेगाचा दुसरा गुन्हा ठरला तर दंडाबरोबर लायसन्स जप्त होऊन निलंबनाची कारवाई होऊ शकते. ज्याचं पोट स्टीअरिंगवर आहे, त्या टॅक्सीवाल्याने, ट्रकचालकाने किंवा शाळेची बस चालवणाऱ्याने न केलेल्या चुकीचे २००० रुपये "कटकट नको" म्हणून भरू नयेत. तिथे वकिलाची फी लायसन्सच्या तुलनेत छोटी आहे.

वेगाबरोबर कलम १८४ चं धोकादायक वाहन चालवणं किंवा भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ (बेदरकारपणे वाहन चालवणं) लागलं असेल, अपघात झाला असेल, कुणी जखमी असेल, तर विचार करत बसू नका. काहीही कबूल करण्याआधी वकील गाठा. समन्स हातात पडलं आणि आरोप मान्य नसेल, तरी तेच.

लोकअदालतीबद्दल गैरसमज खूप आहे. तिथे तडजोड होते, तुम्ही निर्दोष आहात की नाही याचा निवाडा होत नाही. तिच्या निवाड्यावर अपीलही नाही. चूक कबूल असेल तर ती सोयीची, चलानच खोटं असेल तर ती जागा तुमची नाही.

वकिलाकडे जाताना चलानाची प्रिंट, मोठा केलेला फोटो, आरसी, लायसन्स, त्या दिवसाचा फास्टॅगचा तपशील आणि केलेल्या तक्रारीची पोच न्या. गाडी दुसरं कुणी चालवत असेल तर तेही आधीच सांगा. चालक कोण होता ही माहिती मागितली गेली, तर कलम १३३ प्रमाणे मालकाला ती द्यावी लागते. मग स्पष्ट विचारा: फी पूर्ण खटल्याची की दर तारखेची? त्या न्यायालयात तुम्ही स्वतः उभे राहणार की दुसऱ्याला पाठवणार? मला किती वेळा यावं लागेल? कॅमेऱ्याचं प्रमाणपत्र मागवणार का? "साहेब ओळखीचे आहेत, मिटवून देतो" असं उत्तर आलं तर वकीलपत्रावर सही न करता उठा. फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. महिला, अनुसूचित जाती-जमातीतील व्यक्ती आणि अपंग व्यक्ती यांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.