थंड हवेत स्क्वॉश कसा लावावा

स्क्वॉश हा आपल्या भोपळ्याचाच भाऊबंद. पाण्याची थोडी हयगय तो चालवून घेतो, गार माती मात्र अजिबात नाही. १५ अंशांखालच्या मातीत बी रुजण्याऐवजी बहुधा कुजतंच.

१. आधी दिवस मोजा. थंडीने दव गोठण्याची शेवटची रात्र आणि पुढच्या हिवाळ्यातली तशी पहिली रात्र, यांमधले. स्क्वॉशच्या जातींपैकी झुकिनीला साधारण ५० ते ६० दिवस लागतात, एकॉर्नला ८५च्या आसपास, बटरनटला शंभरावर. गारव्यात पाकिटावरच्या आकड्यात दोनेक आठवडे मिळवूनच धरा. हंगाम तोकडा असेल तर बटरनटचा मोह सोडलेला बरा.

२. लावणीच्या तीन-चार आठवडे आधी घरात, उबेला, कागदी कपात एकेक बी अडीच सेंटिमीटर खोल पेरा. मुळं दुखावलेली या वेलाला खपत नाहीत. कपासकट लावता येईल असंच बघा. फार आधी पेरण्यात शहाणपणा नाही, कपात गुरफटलेलं रोप पुढे कुढतच राहतं.

३. दरम्यान आळ्यात कुजलेलं खत घालून वर काळं प्लास्टिक अंथरा. दोन आठवड्यांत खालची माती चांगली तापते.

४. रोपं आठवडाभर रोज थोडा जास्त वेळ बाहेर ठेवा. रात्रीचा पारा १० अंशांवर टिकायला लागला की प्लास्टिकला छेद देऊन मीटरभर अंतराने लावा आणि पातळ पांढरं कापड पांघरा.

५. फुलं दिसताच कापड काढा, नाहीतर मधमाश्या आत येणार कशा? सुरुवातीला नुसती नर फुलं येऊन गळतात, घाबरू नका. मादी फुलाच्या देठाशी बोटाएवढं इवलं फळ असतं. गार, ढगाळ सकाळी माश्या फिरकत नाहीत. तेव्हा नर फुल खुडायचं, पाकळ्या सोलायच्या आणि पिवळा पराग मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच टेकवायचा. दुपारपर्यंत फुलं मिटतात, म्हणून चहाच्या आधीच उरकून घ्या.

६. पाणी बुंध्याशी घाला. पानांवर भुरी, म्हणजे पांढरी बुरशी, तरीही येतेच.

७. थंडीला पाच-सहा आठवडे उरले की वेलाचे शेंडे खुडा.

झुकिनी कोवळीच तोडा. एकॉर्न, बटरनट अशा टिकवायच्या जातींच्या सालीत नख रुतेनासं झालं की चार बोटं देठ ठेवून कापा, दव गोठायच्या आत. देठ धरून उचलू मात्र नका. तो तुटला की फळ तिथूनच सडतं.