भंगार देण्याआधी वर्गवारी कशी करावी

भंगार नाकारलं जातं ते बहुतेक वेळा भेसळीमुळे. म्हणून निवडणी जिथे माल निघतो तिथेच, घरात किंवा शेडमध्ये करावी. सगळं एका पोत्यात गेलं की पुढची मेहनत वाया.

१. प्लास्टिक. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. तळाशी त्रिकोणात १ ते ७ पैकी एक आकडा असतो: १ पीईटी, २ एचडीपीई, ३ पीव्हीसी, ४ एलडीपीई, ५ पीपी, ६ पॉलिस्टायरिन, ७ बाकीचं सगळं. आकडा पुसला गेला असेल तर नखाएवढा तुकडा कापा, ग्लासभर पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाका आणि तुकडा बोटाने बुडवून सोडा. साबण हवाच, नाहीतर तुकड्याला चिकटलेले बुडबुडे त्याला वर उचलतात आणि फसगत होते. तरंगला तर २, ४ किंवा ५. बुडाला तर १, ३ किंवा ६. (थर्माकोल ६ असूनही तरंगतो, कारण त्यात बहुतांश हवाच असते.)

कारखान्यातही पीईटीच्या बाटल्यांचा चुरा असाच पाण्याच्या टाकीत सोडतात. झाकणाचे तुकडे वर येतात, बाटलीचे तळाला जातात. अडचण पीव्हीसीची. बाटलीला घट्ट बसवलेलं वेष्टन पीव्हीसीचं असेल तर ते पीईटीबरोबरच बुडतं. पीईटी साधारण २६० अंश सेल्सिअसला वितळतं; तेवढ्या उष्णतेत पीव्हीसी टिकत नाही, त्यातून आम्लाची वाफ सुटते आणि अख्खा घाणा पिवळा पडून ठिसूळ होतो. म्हणून वेष्टन कात्रीने उभं कापून काढा, बाटली विसळा, चेपा.

२. धातू. आधी चुंबक फिरवा. चिकटलं ते लोखंड-पोलाद. मात्र स्टेनलेस स्टीलचे बरेच प्रकार चिकटत नाहीत, तेव्हा न चिकटलेलं सगळं ॲल्युमिनियम समजू नका. चकचकीत पाकीट मुठीत चुरगाळा: चुरगळलेलंच राहिलं तर ॲल्युमिनियमची फॉइल, पुन्हा उलगडलं तर धातूचा मुलामा दिलेलं प्लास्टिक. फॉइलचे कपटे एकत्र करून मुठीएवढा गोळा करा, सुटे कपटे भट्टीत वितळण्याआधीच जळून जातात.

तांब्याची वायर सोलावी, जाळू नये. आवरणाच्या धुरात डायॉक्सिन हे विष असतं, शिवाय तांबं काळं पडून भाव उतरतो.

लेथच्या (धातू कातायच्या यंत्राच्या) चुऱ्यासाठी प्रत्येक धातूचा वेगळा डबा ठेवा आणि मशीनवर धातू बदलला की आधी ट्रे झाडा. कटिंग ऑइल (धातू कापताना सोडतात ते तेल) निथळू द्या. ॲल्युमिनियमचा बारीक, ओला चुरा हवाबंद पिंपात कोंडू नका. त्यातून हायड्रोजन सुटतो.

३. काच. फक्त बाटल्या आणि बरण्या. चिनी मातीचा कप किंवा ओव्हनमधलं उष्णतारोधक भांडं काचेच्या भट्टीत नीट वितळत नाही, त्याचा खडा नव्या बाटलीत राहतो आणि बाटली तिथेच तडकते.

४. कागद. कोरडा आणि बिनतेलकट हवा. मशीनवरची गुळगुळीत बिलं रद्दीत टाकू नका.

५. बॅटऱ्या. लिथियम बॅटरीच्या टोकांना चिकटपट्टी लावा. दोन टोकं धातूला टेकली की पोत्यातच आग लागू शकते. फुगलेली बॅटरी दाबू किंवा टोचू नये, कोरड्या वाळूच्या डब्यात घराबाहेर ठेवावी. शिशाची बॅटरी आम्ल न ओतता, उभीच न्यावी.