जुना जी४१ बोर्ड ओळखायचा आणि तपासायचा कसा

जुन्या कॅबिनेटमधला बोर्ड, म्हणजे मदरबोर्ड, हातात आला की मी आधी त्याचं नाव शोधतो. ते बहुधा पीसीआय स्लॉटांच्या (जादा कार्डं बसवायच्या खाचांच्या) मधल्या जागेत, नाहीतर प्रोसेसर आणि रॅमच्या मध्ये ठळक छापलेलं असतं. '९४व्ही-०' दिसलं म्हणून तेच गुगल करत बसू नका. बोर्डाची पाटी सहज पेट घेत नाही, एवढंच ते सांगतं आणि कुठल्याही कंपनीच्या बोर्डावर सापडतं. मशीन चालू होत असेल तर कॅबिनेट उघडायचीही गरज नाही. सीपीयू-झेड हा प्रोग्रॅम टाका, मेनबोर्डच्या टॅबमध्ये नाव मिळेल.

आपल्याकडच्या असेंबल्ड मशीनमध्ये इंटेलच्या ७७५ सॉकेटचे (प्रोसेसर बसतो ती जागा) जी३१, जी४१ चिपसेटवाले बोर्ड अजून भरपूर निघतात. जी४१ची गंमत रॅममध्ये आहे. इंटेलच्याच डीजी४१आरक्यू या मॉडेलला डीडीआर२ लागते, डीजी४१डब्ल्यूव्हीला डीडीआर३. दोन्हींना पिना २४०च, पण खाच वेगळ्या जागी; बसत नसेल तर दाबू नका. डीडीआर३ची ४ जीबीची स्टिक घ्यायची तर १६ चिप्सची बघून घ्या. ८ चिप्सची चालत नाही, आणि लोक बोर्डाला दोष देतात.

आता नेहमीची तक्रार: पंखे फिरतात, डिस्प्ले नाही. प्रोसेसरजवळची १२ व्होल्टची चार पिनांची वायर आधी बघा. साफसफाईत निघालेली असते. मग रॅम. आमच्या कोकणात पावसाळा सरला की अर्धी मशीनं रॅमच्या पिनांवर खोडरबर फिरवल्यावरच उठतात. मशीन बंद, वायर काढलेली, मगच हात घाला. तरीही काही नाही? सगळी रॅम काढून, बोर्डाच्या पिनांवर लागणारा छोटा बीपवाला स्पीकर जोडून चालू करा. बोर्ड बीप करून ओरडला तर प्रोसेसर आणि बायोस (मशीन सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्रॅम) शाबूत आहेत. दुसरी रॅम लावून बघा. गप्प राहिला तर काम वाढलं.

पंखाही हलत नसेल तर एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, बोर्डापासून सोडवा आणि मोठ्या कनेक्टरमधली हिरवी वायर कुठल्याही काळ्या वायरला जोडा. पंखा फिरला म्हणजे लोड घेईलच असं नाही, पण न फिरल्यास दोषी सापडला. एसएमपीएसचा डबा मात्र उघडू नका, आत बंद केल्यावरही करंट राहतो.

तारीख रोज मागे जाते, एफ१ दाबा म्हणतं: बोर्डावरचा सीआर२०३२ हा गोल सेल बदला. पाच मिनिटांत बंद पडतं: कूलरच्या चार प्लास्टिकच्या पायांपैकी एखादा सुटलेला असतो. पाय नीट बसवताना प्रोसेसरवरची जुनी थर्मल पेस्ट पुसून नवी लावाच.

शेवटी प्रोसेसरभोवतीचे कॅपॅसिटर. माथा फुगलेला किंवा तपकिरी चिकट द्रव दिसला तर बदलायला हवेत. मायक्रोफॅरड तेच, व्होल्ट तेवढेच किंवा थोडे जास्त, आणि लो-ईएसआर (आतला रोध कमी असलेल्या) प्रकारातलेच घ्या. काढण्याआधी फोटो काढून ठेवा, कारण बोर्डावरची रंगवलेली बाजू सगळ्याच कंपन्या निगेटिव्ह धरत नाहीत.