पाळीच्या कळा: काय खायचं, किती हलायचं

पहिल्या दिवशी नुसतं गोधडीत गुरफटून पडायचं हे आपल्याकडे ठरलेलंच, पण खरं सांगू का, थोडं हलल्यावर बऱ्याच जणींना बरं वाटतं. कळा येतात कारण गर्भाशयात प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन तयार होतं, त्याने स्नायू आवळतात, रक्तपुरवठा कमी होतो आणि मग ओटीपोट, कंबर, मांड्या सगळंच दुखतं.

म्हणून खरी तयारी महिनाभर. आठवड्यातून ३ दिवस तरी पाऊण-एक तास भरभर चालणं, सायकल, झुंबा काहीही चालेल, फक्त क्लासची फी भरून घरी बसू नका 😄 पाळीच्या दिवसात बालासन, मार्जारासन हळूहळू करा, जमलं तर १५ मिनिटं चाला, आणि गरम पाण्याची पिशवी कपड्यात गुंडाळून पोटावर ठेवा, तिला तोड नाही.

खाण्यात जवसाची चटणी, बांगडा-तारली (ओमेगा-३ मिळतं). सुंठेचा काढा पहिले २-३ दिवस घ्या, आजीचं म्हणणं इथे अभ्यासातही बऱ्यापैकी खरं ठरलंय. रक्तस्राव जास्त असेल तर अळीव, पालेभाजी, वर लिंबू पिळून, आणि जेवणावर लगेच चहा नको कारण लोह नीट शोषलं जात नाही. उपास तर त्या दिवसात नकोच.

पण दर महिन्याला कॉलेज बुडतंय, दुखणं वाढतच चाललंय किंवा पाळी नसतानाही दुखतं, तर काढे बंद आणि सरळ गायनॅककडे जा, एंडोमेट्रिओसिससुद्धा (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार) असू शकतं. "लग्नानंतर थांबेल" म्हणणाऱ्या मावशीला हात जोडा.