कायटोसानच्या मण्यांनी रंगाचे पाणी निवळवताना

सुती कापड रंगवून उरलेल्या पाण्यातील रिॲक्टिव्ह (धाग्याशी रासायनिक बंध जोडणाऱ्या) रंगांवर ऋण प्रभार असतो, म्हणून कोळंबीच्या टरफलांपासून मिळणारे कायटोसान तेथे उपयोगी पडते. २ ग्रॅम कायटोसान २ टक्के ॲसिटिक आम्लाच्या १०० मिलिलिटर द्रावणात रात्रभर ढवळून विरघळवावे आणि सिरिंजने थेंबाथेंबाने १ मोलर कॉस्टिक सोड्यात सोडावे. प्रत्येक थेंबाचा साबुदाण्यासारखा पांढुरका मणी होतो. हे मणी सोडा निघून जाईपर्यंत धुवावेत.

पुढची पायरी, म्हणजे ग्लुटारअल्डिहाइड या रसायनाने मणी पक्के करणे, कोणीही टाळू नये, असे मी आग्रहाने सांगेन. कायटोसानचे अमिनो गट (रेणूतील नायट्रोजनयुक्त भाग) आम्लात धन प्रभारित होऊन रंग धरतात, पण त्याच आम्लात साधे मणी विरघळतात; ग्लुटारअल्डिहाइडच्या सौम्य द्रावणात त्यांच्या रेणूंच्या साखळ्या एकमेकींना जोडल्या गेल्या, की मणी पिवळसर होतात आणि टिकतात. मात्र हा जोड अमिनो गटच खर्ची घालतो, त्यामुळे मात्रा बेताची ठेवावी. ग्लुटारअल्डिहाइड डोळ्यांना व श्वसनमार्गाला घातक असल्याने हातमोजे, चष्मा आणि फ्यूम हूड (वाफा ओढून घेणारी प्रयोगशाळेतील पेटी) हवेच.

रंगीत पाण्याचा सामू (pH) ३ ते ४ वर आणून मणी घालावेत, सतत हलवावे व ठरावीक वेळाने स्पेक्ट्रोफोटोमीटरवर (पाण्यातील रंगाची तीव्रता मोजणाऱ्या उपकरणावर) नमुना तपासावा. त्यावरचा आकडा स्थिरावल्यावर मणी गाळून सौम्य कॉस्टिक सोड्यात ठेवल्यास रंग बराचसा सुटतो आणि ते पुन्हा वापरता येतात. तो दाट रंगीत अर्क मात्र नाल्यात ओतू नये.