घरच्या वर्कशॉपसाठी छोटं मिलिंग मशीन: पैसे देण्याआधी काय मोजायचं

मिलिंग मशीन म्हणजे फिरत्या कटरने धातू कापणारं यंत्र. त्याच्या जाहिरातीत मोटर किती वॅटची ते मोठ्या अक्षरात असतं आणि वजन कुठेतरी शेवटच्या ओळीत. वाचायला सुरुवात त्या शेवटच्या ओळीपासून करा. कटरचा दात जॉबमध्ये (कापायच्या तुकड्यात) घुसतो तेव्हा जॉबही कटरला तेवढ्याच जोराने मागे ढकलतो, आणि तो जोर कॉलम (उभा खांब), सॅडल (टेबलाखालचा सरकता भाग), बेस यांना पेलावा लागतो. तिथे बीड (ओतीव लोखंड) कमी असेल तर मशीन थरथरतं, जॉबवर लाटा उमटतात, कार्बाइडच्या कटरचे टवके उडतात. दुप्पट ताकदीची मोटर बसवली तरी ते थांबत नाही, कारण कमी पडतो तो ताठपणा.

बाजारात मिळणारी घरगुती मशीनं साधारण चार गटांत बसतात. पहिला एक्स-२ म्हणून ओळखला जाणारा, पन्नास-साठ किलोचा. अॅल्युमिनियम, पितळ आणि एम.एस.चे (साध्या पोलादाचे) छोटे भाग यावर होतात, पण १० मिमीच्या एंडमिलने (टोकाने आणि बाजूनेही कापणाऱ्या कटरने) एम.एस.मध्ये पूर्ण रुंदीचा खाचा काढायचा तर एका वेळी अर्धा, फार तर एक मिमी. दुसरा बीएफ-२० गटातला, शंभर किलोच्या आसपास. तिथे तोच कट दीड-दोन मिमीपर्यंत जातो. तिसरा एक्स-३ वर्गातला, दीडशे किलोच्या पुढे, आणि चौथा आरएफ-४५ धर्तीचा, तीनशे किलोच्या घरात. मॉडेल इंजिन, गाडीचे ब्रॅकेट, छोटी फिक्श्चर असं काम असेल तर आमची शिफारस दुसऱ्या गटाची. पहिला गट घेऊन वर्षभरात विकणारे बरेच असतात, आणि बहुतेकांची तक्रार एकच: स्टील कापताना जीव मेटाकुटीला येतो.

ड्रिल मशीनला क्रॉस व्हाइस (दोन दिशांना सरकणारी पकड) लावून मिलिंग करायचा विचार असेल तर तो सोडा. ड्रिलचा चक टेपरवर (निमुळत्या दांड्यावर) फक्त दाबाने बसलेला असतो. बाजूने जोर आला की तो सुटतो आणि कटरसकट खाली पडतो. अॅल्युमिनियम प्रोफाइलचे डेस्कटॉप सीएनसी राउटरही लाकूड, अॅक्रिलिक, पीसीबीसाठी ठीक आहेत, स्टीलसाठी नाहीत.

आता उंचीचा हिशोब. स्पिंडलच्या (कटर धरून फिरवणाऱ्या दांड्याच्या) तोंडापासून टेबलापर्यंत जास्तीत जास्त किती जागा मिळते, हा आकडा लोक बघतात, पण त्यातून काय काय वजा होतं ते मांडत नाहीत. व्हाइसची उंची ७५ मिमी. त्यात धरलेला जॉब ४० मिमी. १३ मिमीचा ड्रिल चक आणि आर्बरचा (चक स्पिंडलमध्ये बसवणाऱ्या दांड्याचा) बाहेर राहणारा भाग मिळून ९५ मिमी. १० मिमीच्या नेहमीच्या ड्रिलची पूर्ण लांबी १३३ मिमी, चकबाहेर राहते साधारण ९५ मिमी. बेरीज झाली ३०५ मिमी. म्हणजे २८० मिमी जागा असलेल्या मशीनवर एवढं साधं भोकसुद्धा पाडता येणार नाही. तुमचा सगळ्यात उंच जॉब धरून ही बेरीज कागदावर करा आणि मगच कॅटलॉग उघडा. टेबलाच्या मापापेक्षा टेबल सरकतं किती ते महत्त्वाचं. ५०० मिमी लांबीचं टेबल २८० मिमीच सरकत असेल तर तुमच्या कामाची लांबी २८० मिमी.

कॉलम डव्हटेलचा, म्हणजे हेड सरळ सरकवणाऱ्या तिरप्या कडांचा, हवा. गोल कॉलमच्या मशीनवर हेड (स्पिंडल आणि मोटरचा भाग) वर-खाली केलं की ते गोल फिरूही शकतं. एंडमिल काढून लांब ड्रिल लावायला हेड वर घेतलं की जॉबवर पकडलेला झिरो (मापं जिथून मोजायची तो बिंदू) गेला, आणि तो परत पकडण्यात अर्धा तास जातो. किंमत कमी दिसली तरी पहिलंच मशीन असं घेऊ नये. डव्हटेलमध्येही डावी-उजवीकडे कलणारा कॉलम आणि पक्का कॉलम असा फरक आहे. कलणारा कॉलम खाली एकाच मोठ्या नटावर उभा असतो आणि तोच त्याचा कमकुवत सांधा. तिरपं कापायचं तर जॉब तिरपा धरता येतो, म्हणून पक्का कॉलम बरा.

स्पिंडलचा टेपर एमटी-३ (मोर्स टेपरचं एक माप) असेल तर ड्रॉबार, म्हणजे टेपर वरून ओढून धरणारा लांब बोल्ट, एम-१२ लागतो, एमटी-२ असेल तर एम-१०, आणि आर-८ असेल तर ७/१६ इंची. एमटी-३ची हत्यारं पुण्यात सहज मिळतात, पण घेताना मागचं टोक बघा. चपटी जीभ असलेले स्लीव्ह आणि चक ड्रिलिंगसाठी असतात. मिलिंगला मागे आटे असलेलंच घ्यायचं, नाहीतर कटरच्या कंपनाने टेपर ढिला होऊन बाहेर येतो. एमटी-३चा एक त्रास म्हणजे तो घट्ट बसतो. सोडवताना ड्रॉबार दोन आटे ढिला करून पितळी हातोडीने टोला द्यावा लागतो आणि तो टोला बेअरिंगला बसतो. आर-८ हलक्या टिचकीने सुटतो. काहीही असलं तरी त्यात ईआर-२५चा कोलेट चक (कटरला चारी बाजूंनी आवळून धरणारा) कायमचा बसवून ठेवा. १ ते १६ मिमीपर्यंतचे कटर त्यात धरता येतात आणि टेपर वारंवार काढायची वेळ येत नाही. ड्रिल चकमध्ये एंडमिल धरू नका. चकचे तीन जबडे कडक कटरला नीट धरत नाहीत, कटर हळूहळू खाली सरकतो आणि खाच ठरवल्यापेक्षा खोल जाते.

गती ठरवायचं सूत्र लक्षात ठेवण्यासारखं आहे: कटिंग स्पीड गुणिले ३२० भागिले कटरचा व्यास. एचएसएसच्या (हाय स्पीड स्टीलच्या) कटरने एम.एस. कापताना स्पीड मिनिटाला २५ मीटर धरा, म्हणजे १० मिमीच्या कटरला ८०० आरपीएम. अॅल्युमिनियमला ७५ मीटर धरले तर ६ मिमीच्या कटरला ४००० येतात. बहुतेक छोटी मशीनं तिथपर्यंत जात नाहीत आणि २५०० वरही काम चालतं, फक्त हात सावकाश. अडचण खालच्या टोकाला आहे. ५० मिमीचा फ्लायकटर (एकाच दाताचा रुंद कटर) एम.एस.वर चालवायला १६० आरपीएम लागतात, आणि त्या गतीला मोटरमध्ये जोरही हवा. स्वस्त ब्रशवाली डीसी मोटर तिथे गळपटते, कंट्रोल बोर्ड तापतो आणि जळतो. ब्रशलेस मोटर आणि बेल्ट ड्राइव्ह मिळत असेल तर चार पैसे जास्त द्या. गिअर हेडमध्ये प्लास्टिकचे गिअर असतील तर कटर अडकल्याक्षणी दात उडतात. असं मशीन घ्यायचंच असेल तर गिअरचा एक सेट आणि एक कंट्रोल बोर्ड त्याच बिलात घ्या.

दुकानात जाताना सोबत ०.०१ मिमीचा लीव्हर डायल (बारीक हालचाल काट्यावर दाखवणारं मापयंत्र), मॅग्नेटिक स्टँड आणि चांगला गुण्या न्या. विक्रेता डायल लावू देत नसेल तर तिथून निघा.

आधी डायलचं टोक स्पिंडलच्या टेपरच्या आतल्या भिंतीला लावून स्पिंडल हाताने फिरवा. काटा ०.०१ मिमीच्या आत हलला तर उत्तम, ०.०२ च्या पुढे गेला तर ते मशीन नको. हा दोष घरी दुरुस्त होत नाही. मग सगळे लॉक घट्ट करून, डायल टेबलावर ठेवून टोक स्पिंडलच्या नाकाला लावा आणि हेडला हाताने साधारण दहा किलोचा रेटा द्या. काटा ०.०५ मिमीच्या आत राहायला हवा. ०.१ मिमी हलत असेल तर गिब (स्लाइडमधली फट भरणाऱ्या पट्ट्या) ढिल्या आहेत की कॉलमच वाकतोय ते बघा. गिबचे स्क्रू थोडे आवळून पुन्हा रेटा द्या. आकडा कमी झाला तर दोष गिबचा, घरी निघेल. नाही झाला तर कॉलमचा.

तिसरी तपासणी लोक विसरतात. गुण्या टेबलावर उभा ठेवा, डायल हेडला लावून टोक गुण्याच्या उभ्या कडेला टेकवा आणि हेड १०० मिमी खाली आणा. एकदा समोरून, एकदा बाजूने. फरक ०.०३ मिमीपेक्षा जास्त असेल तर खोल भोक पाडताना ते तिरकं जाणार. मग प्रत्येक हँडव्हील एकदा इकडे, एकदा तिकडे फिरवून मधला खेळ मोजा. ०.१ ते ०.२ मिमी खेळ या वर्गात चालतो, आटे दोन्ही टोकांना आणि मध्ये सारखेच मोकळे असले की झालं. मध्येच हलकं आणि टोकाला जड लागत असेल तर स्क्रू वाकडा आहे किंवा बेअरिंग ब्लॉक नीट बसवलेला नाही. शेवटी वरच्या गतीला वीस मिनिटं चालू ठेवा आणि स्पिंडलच्या बेअरिंगपाशी हात लावा. कोमट चालेल, हात ठेववत नसेल तर नाही.

हँडव्हीलचा हा खेळ पुढे कटची दिशा ठरवतो. कटर ज्या दिशेने फिरतो त्याच्या विरुद्ध जॉब सरकवा. उलट केलंत तर कटर टेबलाला स्वतःकडे खेचतो, सगळा खेळ एका झटक्यात निघतो आणि दात मोडतो. शेवटचा ०.०५ मिमीचा फिनिशिंग कट तेवढा उलट दिशेने चालतो, तोही टेबलाचं लॉक थोडं आवळून.

जुनं मशीन घेणाऱ्यांसाठी पुण्याजवळच्या भोसरी-पिंपरीसारखी जागा नाही. वर्कशॉप बंद होताना छोटी मशीनं विकायला निघतात. गुरुवारी जाऊ नका, एमआयडीसीची सुट्टी असते. तिथली बहुतेक मशीनं थ्री फेजवर आहेत. घरच्या सिंगल फेजवर चालवायला व्हीएफडी (एका फेजचे तीन फेज करणारा ड्राइव्ह) लावता येतो, पण तो २३० व्होल्टचे तीन फेज देतो. मोटरच्या पाटीवर २३०/४१५ डेल्टा-स्टार (वायरी जोडायच्या दोन पद्धती) लिहिलेलं असेल तर पट्ट्या बदलून डेल्टा करा. फक्त ४१५ स्टार असेल आणि बाहेर तीनच वायरी असतील तर रिवाइंडिंगवाल्याकडून आतला स्टार पॉइंट उघडून सहा वायरी बाहेर काढून घ्याव्या लागतात. व्हीएफडी आणि मोटरच्या मध्ये चालू-बंदचं बटण टाकू नका, ड्राइव्ह उडतो. पेठांमधल्या जुन्या घरात अर्थिंग आधी तपासून घ्या. प्लगमध्ये तिसरं भोक असणं म्हणजे अर्थिंग असणं नव्हे.

सगळं बजेट मशीनवर उडवू नका. शंभरातले साठ मशीनला, चाळीस हत्यारांना ठेवा. व्हाइसचे जबडे टेबलाच्या रुंदीपेक्षा मोठे नकोत, नाहीतर टेबल मागे नेताना व्हाइस कॉलमला धडकतो. ६, ८, १० आणि १२ मिमीचे कोलेट, अॅल्युमिनियमसाठी दोन दातांचे आणि स्टीलसाठी चार दातांचे एंडमिल, पॅरललची (जॉबखाली ठेवायच्या सारख्या उंचीच्या पट्ट्यांची) एक जोडी, १० मिमीचा एज फाइंडर (जॉबची कड शोधणारा), क्लॅम्पचा संच. क्लॅम्प घेण्याआधी टेबलावरचे टी-स्लॉट (टी आकाराच्या खाचा) व्हर्नियरने मोजा, १०, १२, १४ मिमी यांतलं काहीही असू शकतं. अॅलन बोल्ट बोहरी आळीत मिळतील. जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी टी-नट, अँगल प्लेट, व्ही-ब्लॉक बघायला जायला हरकत नाही, पण तिथले एंडमिल घेताना कोपऱ्यावर नख फिरवून बघा. कोपरा गोल झाला असेल तर धार लावण्याचा खर्च नव्याच्या जवळ जातो. डिजिटल रीडआउट नंतर घेतला तरी चालतो, पण घ्या. टेबल प्रत्यक्ष किती सरकलं ते तो दाखवतो, त्यामुळे खेळाचा हिशोब डोक्यात ठेवावा लागत नाही.

शंभर किलोचं मशीन जिन्याने न्यायचं तर हेड आणि टेबल उतरवून तीन फेऱ्या करा. स्टँड ५० मिमीच्या अँगलचं, वेल्ड केलेलं. बोल्ट आवळण्याआधी चारही पायांखाली फिलर गेजचं (फट मोजायच्या पातळ पत्र्यांचं) पान सारून बघा. एखादा पाय अधांतरी असेल आणि तसाच आवळलात तर बेसच पिळतो आणि नंतरची सगळी मापं बिघडतात. कारखान्यातून आलेलं मेणचट ग्रीस डिझेलने आणि ब्रशने काढा, स्लाइडवर स्लाइडवे ऑइल ६८ लावा. पावसाळ्यात मशीन गच्चीवरच्या पत्र्याखाली किंवा बंद गॅलरीत असेल तर प्लास्टिक गुंडाळू नका. आत दमटपणा कोंडतो आणि आठवड्यात टेबलावर तपकिरी ठिपके दिसतात. तेलाचा हात फिरवून जाड सुती कापड टाका.

आता हेड काटकोनात आणायचं. टेबल कोरडं पुसून, स्पिंडलला धरलेला डायल १५० मिमी व्यासाच्या वर्तुळात हाताने फिरवा. टी-स्लॉटवरून जाताना टोक अडकू नये म्हणून टेबलावर जुन्या बेअरिंगची ग्राइंड केलेली रेस ठेवतात, तिच्यावर फिरवा. पुढच्या आणि मागच्या वाचनात ०.१२ मिमी फरक आला आणि मागे काटा जास्त दाबला गेला, तर कॉलम मागे झुकलाय. बेसवर बोल्ट केलेल्या कॉलमच्या पुढच्या-मागच्या बोल्टमधलं अंतर १०० मिमी असेल तर ०.१२ गुणिले १०० भागिले १५०, म्हणजे ०.०८ मिमीची पट्टी मागच्या दोन बोल्टांखाली. फिलर गेजचं पान कापून घाला, बोल्ट आडवे-तिडवे थोडेथोडे आवळा आणि पुन्हा मोजा. पहिल्या खेपेला जमत नाही, दोन-तीनदा करावं लागतं.

मग एम.एस.च्या तुकड्यावर फ्लायकटरने ०.२ मिमीचा एकच कट घ्या आणि पृष्ठभाग उजेडात तिरपा धरून बघा. कटरच्या खुणा दोन्ही बाजूंनी एकमेकींना छेदून जाळी दिसत असेल तर हेड सरळ आहे. एकाच बाजूच्या कमानी दिसत असतील तर डायल पुन्हा लावा.